एकाहत्तर वाटे

बोंबील सुकवायचा तर आधी त्याला जोडीदार बघावा लागतो. एकाचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवरच्या दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, दुसरा पलीकडे. वलांडी म्हणजे वाळूत बांबू रोवून केलेला सुकवणीचा मांडव. सुट्या बोंबलाला त्या दोरीवर थारा नाही. तो घसरतो, वाळूत पडतो आणि कुत्र्याच्या तोंडी जातो. नरपडच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण जयश्रीला ते लग्नानंतर शिकावं लागलं.

जयश्री कासाची. हायवेच्या काठावर वाढलेल्या माणसाला बोंबील भेटतो तो थेट तव्यावर. ती मसोलीतल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी सासूबरोबर वलांडीखाली बसून जोड्या लावायची. सासू हिरूबाय तोंडाची फटकळ, मनाची मऊ. "मास्तरीणबाय, जबडा त्याचा उघडायचा गो, आपला नाही," असं ती म्हणाली की आजूबाजूच्या बाया खो खो हसायच्या. सासरा देवजी तांडेल, पाड्यातला जुना होडीवाला. नवरा दिपक त्याच होडीवर जायचा. चार माणसांचं घर. पाट चार, ताटं चार, पाण्याचे पेले चार, सगळं त्याच बेतानं.

दिपकवर जयश्रीचा फार जीव. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही, पण होडी समुद्रात असली की फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबायचा. बाकी काही गेलं तरी चालेल, हा माणूस रोज घरी आला पाहिजे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

गोष्ट २०१९च्या जानेवारीतली. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची जमीन सारखी हादरत होती. आतल्या गावांत लोक घरं सोडून तंबूत राहत होते. किनाऱ्यावर तितकं नव्हतं, पण भांडी वाजायची, कौलं कुरकुरायची आणि जो तो जेवण टाकून अंगणात पळायचा. तलासरीकडची गंगी नावाची एक बाई, भिंत खचली म्हणून घर सोडून इकडे चिकूच्या वाडीत मजुरीला आली होती. पाड्याच्या टोकाला, सुरूच्या झाडांत तिनं झोपडी घातली होती. एकटी बाई. नवरा नाही, पोर नाही.

आता त्या पाड्यात एक रीत आहे. हंगामात एकदा सगळ्या होड्या मिळून गावाचं जाळं लावतात. त्यात येतील ते बोंबील एकत्र सुकवायचे आणि चुलीगणिक वाटायचे. वजन करायचं नाही, जोड्या मोजायच्या. वाटे घालायचा मान देवजीचा. मोजताना पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. वाटे घालून झाले की जे उरेल ते ओहोटीच्या रेघेवर नेऊन ठेवायचं. तो दर्याचा वाटा. त्याला कुणी हात लावत नाही.

त्या वर्षी भरल्या पंचवीसशे वीस जोड्या आणि वर एक सुटा.

देवजीनं डोळे मिटून हिशेब केला. "चुली सत्तर. दर चुलीला छत्तीस जोड्या. सुटा दर्याचा. झकास!"

इतका सरळ हिशेब कधी आला नव्हता. बाया टोपल्या घेऊन पुढे सरल्या. पण जयश्रीला राहवलं नाही.

"बाबा, आणि गंगीचं काय?"

"गंगी कुठं पाड्यातली?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तिची चूल पेटते ना? मग चुली एकाहत्तर झाल्या. गावाचं जाळं चुलीगणिक वाटतात, असं तुम्हीच सांगता."

थोडी कुरकुर झाली. शेजारची मालू म्हणाली, "बरोबर बोलते ती. बाई माणूस, भूकंपानं उठवलेली." दिपक लांब होडीला टेकून उभा होता, तो हसत ओरडला, "बाबा, माझ्या बायकोशी गणितात वाद घालू नका, मी घालून बघितलाय!" सगळे हसले. देवजी डोकं खाजवत म्हणाला, "देऊ की तिला, कोण नाही म्हणतो? पण मग हिशेब बिघडतो."

जयश्री मनात आकडा फिरवत होती. जोड्या सोडवून सुटे मोजले तर पाच हजार एकेचाळीस. एकपासून सातपर्यंतचे आकडे एकमेकांना गुणले की पाच हजार चाळीस येतात. त्याच्यावर हा एक. म्हणून याला दोननं भागा, एक उरतो. तीननं भागा, एक. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, कशानंही भागा, एक उरतोच. बारानं, पंधरानं, सोळानं, तोच एक. सत्तर घरांत वाटा, तरी एक. इतका हट्टी आकडा तिनं पुस्तकाबाहेर कधी पाहिला नव्हता. आणि मग ती जागच्या जागी ताडकन उभी राहिली, कारण एकाहत्तरनं मात्र तो मुकाट भागला जात होता. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर. एक, एकाहत्तर आणि तो स्वतः सोडले तर त्याला भागणारा दुसरा आकडाच नव्हता.

"बिघडत नाही बाबा! दर चुलीला एकाहत्तर बोंबील. एकही उरत नाही. मोजून बघा!"

मोजून बघितलं. एकाहत्तर ढीग, प्रत्येकात एकाहत्तर, आणि मधली चटई रिकामी. लोकांनी टाळ्या पिटल्या. गंगी पदरात आपला वाटा घेऊन किती वेळ नुसती उभी होती. दिपकनं लांबूनच अंगठा उंचावून दाद दिली. जयश्रीला त्या दिवशी खरोखर वाटलं की आपलं शिक्षण कामी आलं.

हिरूबाय तेवढी हसली नव्हती. "काहीच नाही उरलं?" तिनं विचारलं.

"एकही नाही, आई."

"असं नसतं गो. वाटा केला की उरायलाच पाहिजे. उरलेला बाहेर दिला नाही तर तो आत बसतो." ती नवऱ्याकडे वळली. "आपल्यातला एक काढून ठेवा तिकडे."

"दहा माणसांत घातलेला वाटा मोडायचा नसतो," देवजी म्हणाला. "पुढच्या वर्षी दोन ठेवू." आणि विषय मिटला.

घरी आल्यावर जयश्री आपला वाटा डब्यात भरायला बसली. बोंबील जोडीनंच भरायची सवय लागलेली. पस्तीस जोड्या झाल्या आणि तिच्या हातात एक सुटा राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली. एकाहत्तर विषम आहे, हे तिला काय कळत नव्हतं? पण तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. उरणारा एक नाहीसा झाला नव्हता. गावाबाहेर जायचा तो एक, तिनं एकाहत्तर घरांत एकेक करून नेऊन ठेवला होता.

"वहिनी, काय बघतेस एवढं त्याच्या तोंडाकडे?" योगितानं विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, ही योगिता कोण? जयश्रीची नणंद. दिपकची धाकटी बहीण. पहिल्यापासूनची.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना गोंधळ झाला. योगिताला पाट नव्हता. ताटही नव्हतं, तिनं परातीत वाढून घेतलं. "माझं ताट कुठं ठेवलंस गो आई?" ती म्हणाली. हिरूबायनं मांडणी पालथी घातली. चार ताटं. चार पेले. चार पाट.

देवजीनं चेष्टेनं मोजायला घेतलं, "लाभ, दोन, तीन, चार..." आणि त्याचं बोट योगितापाशी येऊन थांबलं.

"आपण चारच ना?" हिरूबाय म्हणाली.

"चारच," दिपक म्हणाला.

आणि बसले होते पाच.

जयश्रीनं आठवून बघितलं. हे घर चौघांचं, हे तिला लख्ख आठवत होतं. योगिताही तितकीच लख्ख आठवत होती. लग्नात दिपकच्या मागे करवली म्हणून उभी राहिलेली, हसून हसून हातातला कलश सांडलेली. तिला भाजलं होतं तेव्हा जयश्रीनंच रात्रभर हात थंड पाण्यात धरला होता. त्याचा डाग मनगटावर होता. मग योगिता नवी कशी? बरं, योगिता नाही तर कोण? देवजी? हिरूबाय? तिनं एकेकाला मनातून बाजूला काढून बघितलं. कुणालाही काढा, उरलेल्या चौघांचं घर नीट जुळत होतं.

संध्याकाळी मालू आली. लडक्याची बायको, शेजारचंच घर. दारातच उभी राहिली, आत येईना.

"जया, तुझं गणित पक्कं म्हणून विचारते. हसू नको. आमच्या घरात माणसं किती?"

"सहा," जयश्री म्हणाली.

"सहाच ना? मी पण तेच म्हणते. पण भाकऱ्या पुरत नाहीत गो. मोजते तर सात भरतात. आणि सातही आमचीच! कुणाला म्हणू तू कोण?" तिनं दाराची चौकट धरली. "लडक्या म्हणतो, डोकं फिरलं तुझं."

जयश्रीनं तिला पाणी दिलं.

सकाळी उजाडल्यावर ती डब्यातला तो सुटा बोंबील घेऊन किनाऱ्यावर गेली. कुणी बघत नाही असं बघून तिनं तो ओहोटीच्या रेघेवर ठेवला आणि हात जोडले. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी तिनं मनापासून जोडले. शाळेतून परत येताना बघितलं तर बोंबील तिथंच. भरती येऊन गेली होती. चारी बाजूंची वाळू ओली आणि त्याच्याखालची कोरडी ठणठणीत. मासळीवर तुटून पडणारे कावळे लांब सुरूच्या फांदीवर बसून होते. एकही शिवला नव्हता.

तशीच ती गंगीच्या झोपडीकडे गेली. गंगीचा वाटा परत मागावा, सगळ्यांचे गोळा करावेत, पुन्हा सत्तरात वाटावेत, असलं काहीतरी तिच्या मनात होतं. गंगी चुलीपुढं बसली होती. बोंबील कालच विकून टाकले म्हणाली.

"बरी आहेस ना गंगी? एकटी राहतेस."

"एकटीच ना बाय. मला कोण आहे?" गंगी म्हणाली. आणि तिनं दोन थाळ्यांत भात वाढला, एक आपल्यापुढे ओढली आणि दुसरी सवयीनं समोरच्या रिकाम्या जागेकडे सरकवली. जयश्री उलट्या पावली बाहेर आली. पाड्यापर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही.

त्या दुपारी हादरा बसला. बारीकच, पण सगळा पाडा अंगणात आला. थोड्या वेळानं जयश्रीला लडक्याच्या घरामागून एक म्हातारा समुद्राकडे जाताना दिसला. अनवाणी, धोतर गुडघ्यावर. पाड्यातली सगळी म्हातारी माणसं तिच्या ओळखीची होती. हा कोण, ते तिला सांगता येईना. तो मात्र तिच्याकडे बघून थांबला, ओळखीचं माणूस थांबावं तसा. मग पाण्यात शिरला आणि चालत राहिला. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. काय नावानं मारणार?

ती धावत मालूकडे गेली. मालू अंगणात तांदूळ निवडत होती. चेहरा कसा स्वच्छ.

"मालू, काल म्हणत होतीस ते... माणसं सात भरतात?"

"सात? मी कधी म्हटलं?" मालू हसली. "आम्ही सहा. मघाशी हादरा बसला तेव्हा सगळे बाहेर आलो ना, तेव्हाच मोजले. सहा, व्यवस्थित." मग तिनं दाराजवळच्या खुंटीवरून एक चष्मा काढला. जाड भिंगांचा, एका काडीला दोरा बांधलेला. "हा कुणाचा गो? आमच्यात कुणाला लागत नाही चष्मा."

जयश्री घरी आली ती सरळ सासूजवळ जाऊन बसली.

"आई, वाटे घातल्यावर उरतो तो बोंबील कुठला असतो?"

"कुठला म्हणजे? बोंबील सगळे सारखेच. वाटता वाटता हात शेवटी ज्याच्यावर येईल तो."

हेच तर भागाकार सांगतो. उरणारा एक असतो, एवढंच. तो कोण, हे आकडा सांगत नाही. तो आधीपासून वेगळा नसतो. म्हणजे या घरात कुणीच परकं नव्हतं. पाचही आपलेच होते, आणि त्यातला जो शेवटी राहील तो जाणार होता. लडक्याच्या घरात हादऱ्याच्या वेळी दारातून शेवटी कोण बाहेर पडलं असेल? ज्याला नीट दिसत नाही, तो.

तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. हसेल असं तिला वाटलं तो दिपकही हसला नाही. त्यानं वेड्यासारखी ती चार ताटं पुन्हा मोजली.

योगिता रडायला लागली. "मीच असणार. मला ताट नाही, पाट नाही. मीच."

"गप ग," जयश्रीनं तिला जवळ ओढलं. "ताटाचं काय, ज्यानं शेवटी वाढून घेतलं त्याला मिळालं नाही. तू नाहीस."

"म्हातारी मी आहे," हिरूबाय म्हणाली. "माझं सगळं बघून झालं. मला ठेवा मागे."

"तोंड बंद कर," देवजी खेकसला आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जयश्रीला पहिल्यांदा सुचलं ते हे, की दिपकला कासाला आपल्या आईकडे पाठवून द्यावं. तिनं त्याची पिशवीसुद्धा भरली. मग चेन लावता लावता तिचा हात थबकला. तो गेला तर घरात चार उरतील. बरोबर चार. भाग जाईल, आणि बाहेर राहिलेला तो. तिनं पिशवी उपसून कपडे पुन्हा फळीवर ठेवले.

मग त्या घराचं एक विचित्र जगणं सुरू झालं. होडी वर ओढून ठेवली. जयश्रीनं शाळेत रजा टाकली. कुणी एकट्यानं कुठं जायचं नाही. दारातून जाताना पाचही जण हात धरून, अंग आखडून, एकदम. जेवायला एकदम बसायचं, एकदम उठायचं. इतर वेळी असं बघून हसून हसून पोट दुखलं असतं. पाड्यात इतर घरांत मात्र हसणं-बोलणं पूर्वीसारखं व्हायला लागलं होतं. एकेक घर जुळत होतं. रोज कुणीतरी पाण्याकडे चालत जाताना दिसायचं. कधी एखादी परकरातली मुलगी, कधी कडेवरचं मूल उतरवून ठेवून निघालेली बाई. कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. मागे राहिलेलं ते मूलही रडत नव्हतं.

जयश्रीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. हे आपण केलं, आपणच निस्तरायचं. वेळ आली तर शेवटी आपण राहायचं. दिपक नाही. काही झालं तरी दिपक नाही. हे तिनं त्याला सांगितलं नाही, पण तो तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचा त्यावरून त्याला कळलं असावं.

एके दिवशी जेवणाच्या वेळी जमिनीतून गुरगुर आली.

आधी मांडणीवरचे पेले वाजले. मग भिंत हलली. वरून कौलाचा तुकडा देवजीच्या ताटात पडला. हात धरायचं ठरलं होतं, पण असल्या वेळी ठरलेलं कुणाच्या लक्षात राहतं? हिरूबाय किंचाळली. देवजीनं तिला ओढलं. योगिता त्यांच्यामागे दाराकडे धावली.

जयश्री उठली आणि दाराकडे गेली नाही. ती मागे सरकून आतल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"जा!" ती दिपकवर ओरडली. "आधी तू जा!"

तो दारापर्यंत पोहोचला होता. उंबऱ्यावर पाय होता त्याचा. तो वळला.

"दिपक, जा! तुझ्या पाया पडते, जा!"

तो आत आला. त्यानं तिचा दंड धरला, असा की हाड मोडावं. तिनं मांडणीला हात घातला, ताटं खाली कोसळली. त्यानं तिला ओढत दारापर्यंत आणलं आणि दोन्ही हातांनी बाहेर ढकललं.

"आधी तू," तो म्हणाला.

ती अंगणात गुडघ्यांवर पडली.

हादरा थांबला.

ऊन स्वच्छ पडलं होतं. देवजी धापा टाकत मोजत होता. "लाभ. दोन. तीन. चार." त्यानं पुन्हा एकदा सगळ्यांकडे बघितलं. "चार. आलो सगळे. देव पावला."

हिरूबायनं योगिताला आणि जयश्रीला एकदम कवटाळलं. जयश्रीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. कसली भीती होती एवढी, ते तिला आठवेना.

तेवढ्यात घरातून एक तरुण माणूस बाहेर आला. केसांत कौलाची माती. तो दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

"कोण पाहिजे, भाऊ?" हिरूबायनं विचारलं.

"आई," तो म्हणाला.

हिरूबाय गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. देवजी पुढे झाला. "हादऱ्यात घुसलात वाटतं घरात? लागलं नाही ना कुठं? कुठल्या गावचे?"

तो माणूस एकेकाकडे बघत गेला. शेवटी जयश्रीवर त्याची नजर थांबली. "जया. मी दिपक."

आपलं नाव याला कसं माहीत, असं तिला वाटलं. मग वाटलं, शाळेतल्या कुणा मुलाचा पालक असेल. डोळे भरले होते त्याचे. तिला वाईट वाटलं.

"तुमचा मुलगा कुठल्या वर्गात आहे?" तिनं विचारलं.

तो हसल्यासारखं करून मान हलवत राहिला. तिच्या गुडघ्याला लागलेली वाळू झटकायला तो खाली वाकला, तशी ती दोन पावलं मागे सरली. मग तो उठला. पायातल्या चपला त्यानं दाराशी काढून ठेवल्या आणि वलांड्यांच्या मधून पाण्याकडे चालायला लागला. त्याच्या पुढे, लांब, कंबरेइतक्या पाण्यात आणखी दोन-तीन माणसं दिसत होती.

"कुणाचा असेल बिचारा," हिरूबाय म्हणाली. "चला, जेवण गार झालं."

आत येऊन जयश्रीनं सांडलेली ताटं उचलली, धुतली. चार ताटं, चार माणसं. "वहिनी, तुझं घे," म्हणत योगितानं तिच्यापुढे ताट सरकवलं. तिनं घेतलं. भात खाताना उजवा हात उचलवेना, म्हणून तिनं बाही वर केली. दंडावर वळ उठले होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. मोठ्या, पुरुषाच्या हाताचे.

"बाय गो, हे कुणी धरलं तुला असं?" हिरूबायनं विचारलं.

जयश्रीनं आपली बोटं त्या वळांवर ठेवून बघितली. "पडले ना मघाशी," ती म्हणाली. "तेव्हा लागलं असेल."

हिरूबाय खोबरेल घेऊन आली आणि त्या वळांवर हळूहळू चोळत राहिली, ते जाईपर्यंत.